रक्त पातळ करायचे की प्लेटलेट्स चढवायच्या?

प्रश्न धनकवडीहून एका मुलीने विचारला आहे. तिचे 61 वर्षांचे वडील स्वाइन फ्लूच्या न्यूमोनियामुळे अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर आहेत आणि आज त्यांचा नववा दिवस आहे. दाखल केले तेव्हा प्लेटलेट्स 1 लाख 80 हजार होत्या, काल त्या 84 हजारांवर आल्या. डी-डायमर, म्हणजे गुठळ्या विरघळताना रक्तात उरणाऱ्या तुकड्यांचे मोजमाप, 4200 आहे. नळीतून कफ ओढताना रक्ताचे धागे दिसतात, तरीही पहिल्या दिवसापासून पोटावर रोज रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन दिले जात आहे. एक डॉक्टर म्हणाले, रक्त घट्ट झाले आहे. दुसरे म्हणाले, प्लेटलेट्स घसरल्या आहेत, रक्तस्रावाचा धोका आहे. यांतले खरे कोणते, इंजेक्शन बंद करायला सांगावे की वाढवायला, आणि शेजारच्या काकांना 2021 मध्ये कोविडच्या वेळी ‘फुल डोस’ दिला होता तर वडिलांना एवढा कमी का, असे तिने विचारले आहे. प्लेटलेट्स चढवाव्यात का, हाही प्रश्न आहे.

दोन्ही डॉक्टर खरे सांगत आहेत, हे सर्वांत आधी सांगतो, कारण दोघांपैकी कोणीतरी चुकत आहे या शंकेने नातेवाईक रात्ररात्र जागतात. तुमच्या वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी निर्णय मी देणार नाही. तो त्यांच्या पलंगाशेजारी उभे राहणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. मात्र पुण्यातल्या अतिदक्षता विभागांत बावीस वर्षे काम केल्यावर, त्यात 2009 चा ऑगस्ट आणि कोविडच्या दोन्ही लाटा पाहिल्यावर, हा निर्णय कशाच्या आधारे घेतला जातो हे मी तुम्हाला नीट समजावून सांगू शकतो.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असते. ते निरोगी असते तेव्हा गुळगुळीत असते आणि त्यावर रक्त गोठू न देणारे पदार्थ सतत काम करत असतात. म्हणूनच आयुष्यभर वाहूनही रक्त आतल्या आत साकळत नाही. गंभीर विषाणुसंसर्गात हे अस्तरच दुखावते. कधी विषाणू स्वतः त्याला इजा करतो, पण बहुतेक नुकसान विषाणूविरुद्ध पेटलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे होते. दुखावलेल्या पेशी त्यांच्याकडे साठवलेला चिकट घटक, ज्याला आम्ही व्हॉन विलेब्रँड फॅक्टर म्हणतो, तो रक्तात सोडतात आणि त्याला प्लेटलेट्स चिकटू लागतात. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर आणतात, ज्याने गोठण्याची सगळी साखळी सुरू होते. न्यूट्रोफिल पेशी जंतूंना अडकवण्यासाठी आपल्याच डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यांत जंतूंबरोबर प्लेटलेट्स आणि गुठळी बांधणारे फायब्रिनचे तंतूही अडकतात. एरवी तयार झालेली बारीक गुठळी विरघळवणारी यंत्रणा शरीरात असते, पण अशा आजारात तिच्यावरही लगाम बसतो. परिणामी फुप्फुसातल्या केसापेक्षा बारीक वाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या साचत जातात, आणि हवा फुप्फुसात पोचूनही ऑक्सिजन रक्तात उतरत नाही.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन रोगनिदानतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच शिकवतात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची घडण बदलणे, या तीन कारणांनी गुठळी होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला ही तिन्ही एकाच वेळी लागू होतात. तो झोपेच्या औषधाखाली निश्चल असतो, कधी तासन्‌तास पालथा ठेवलेला असतो, मानेच्या किंवा मांडीच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते, आणि रक्तात दाहाचे पदार्थ उसळलेले असतात. रक्तस्रावाचा धोका असूनही इंजेक्शन का देतात, याचे उत्तर या परिस्थितीत आहे.

आता दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे पाहू. गोठण्याचे सामान, म्हणजे प्लेटलेट्स आणि गोठवणारी प्रथिने, शरीरात मोजकेच असते. ते हजारो बारीक वाहिन्यांत नको तिथे खर्च होऊ लागले की जिथे खरोखर जखम आहे तिथे ते पुरत नाही. त्यातच विषाणूमुळे अस्थिमज्जेत नव्या प्लेटलेट्स तयार होण्याचा वेगही मंदावतो. म्हणून एकाच माणसाच्या फुप्फुसात गुठळी असते आणि त्याच वेळी नाकातून रक्तही येते. हा प्रकार टोकाला गेला की त्याला डीआयसी म्हणतात. त्याचे निदान एका आकड्यावरून करत नाहीत. प्लेटलेट्स, डी-डायमर, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि फायब्रिनोजेन (एक गोठवणारे प्रथिन) या चार तपासण्यांना गुण देऊन बेरीज करतात, आणि ती 5 किंवा त्याहून जास्त झाली तर डीआयसी धरतात. यांतल्या फायब्रिनोजेनकडे नातेवाइकांचे सहसा लक्ष जात नाही, मला मात्र ते फार बोलके वाटते. निरोगी माणसात ते साधारण 200 ते 400 असते. दाह जोरात असेल तर ते 600-700 पर्यंत चढते. त्या चढलेल्या पातळीवरून ते रोज खाली येऊ लागले आणि रुग्ण सुधारत नसेल, तर आकडा अजून ‘नॉर्मल’मध्ये असला तरी मी सावध होतो.

सगळे विषाणू हा खेळ सारख्याच रीतीने खेळत नाहीत. पुण्याला पावसाळ्यात डेंग्यू परिचयाचा आहे. डेंग्यूत रक्तवाहिन्या गळक्या होतात, प्लेटलेट्स खूप खाली जातात आणि पारडे रक्तस्रावाकडे झुकते. तिथे रक्त पातळ करण्याचे औषध आम्ही टाळतो. कोविडमध्ये पारडे उलट्या बाजूला होते. 2020 मध्ये कोविडने आणि इन्फ्लुएन्झाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांची तुलना करणारा एक छोटा शवविच्छेदन अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात कोविडच्या फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या इन्फ्लुएन्झाच्या तुलनेत 9 पट आढळल्या. स्वाइन फ्लू हा इन्फ्लुएन्झाचाच एक प्रकार, तो डेंग्यू आणि कोविड यांच्या मधे बसतो: गुठळ्या होतात, पण फुप्फुसातून रक्त येण्याचे प्रमाणही दुर्लक्ष करण्यासारखे नसते. त्यामुळे शेजारच्या काकांचा डोस तुमच्या वडिलांना लावता येत नाही, दोघेही व्हेंटिलेटरवर असले तरीही.

कोविडच्या काळात हे ‘फुल डोस’ प्रकरण कसे सुरू झाले, ते सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात आमच्याही चुका आहेत. 2020 च्या उन्हाळ्यात आम्ही एका रुग्णाचे डायलिसिस सुरू केले होते. यंत्राचा फिल्टर एरवी दिवसभर तरी चालायचा. त्या रात्री तो दोन तासांत गडद झाला, प्रेशरचा अलार्म वाजू लागला आणि सिस्टरने नळी प्रकाशात धरून दाखवली, तर आत काळपट धाग्यांसारखे रक्त साकळले होते. फिल्टर बदलला, दुसराही तसाच गेला. रक्तवायूच्या तपासणीसाठी काढलेले रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोचायच्या आत सिरिंजमध्येच गोठत होते. त्याच सुमारास नेदरलँड्समधून अहवाल आला होता की अतिदक्षता विभागातल्या 184 कोविड रुग्णांपैकी 31 टक्के रुग्णांना, प्रतिबंधक इंजेक्शन चालू असतानाही, गुठळ्यांचे आजार झाले. डोळ्यांसमोर हे आणि हातात तो अहवाल, अशा स्थितीत डॉक्टरांनी डोस वाढवला यात नवल नव्हते. मीही वाढवला.

त्या वाढवण्याची किंमत मी पाहिली आहे. साठीतले एक गृहस्थ हाय-फ्लो ऑक्सिजनवर होते, बोलत होते, सुधारणेच्या वाटेवर होते. त्यांचा डी-डायमर दोन दिवस चढत होता, म्हणून मी इंजेक्शन प्रतिबंधक मात्रेवरून उपचाराच्या मात्रेवर नेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते सिस्टरला म्हणाले, “कंबर भरून आली आहे.” इतके दिवस झोपून राहिल्यावर कंबर कोणाचीही भरून येते, म्हणून त्यांना कूस बदलून दिली गेली. सकाळच्या फेरीला त्यांची नाडी 120 होती आणि हिमोग्लोबिन 11 वरून 7 वर आले होते. पोटाच्या मागच्या स्नायूत रक्त साठले होते. बाहेर एक थेंबही दिसला नव्हता. ते वाचले, पण त्यांचे घरी जाणे तीन आठवडे लांबले, आणि त्यांना गुठळी झाल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नव्हता. मी एका आकड्यावर उपचार केला होता. त्या दिवसापासून रक्त पातळ करणारे औषध चालू असलेला रुग्ण कंबर किंवा मांडी दुखते म्हणाला, तर मी आधी त्याचे पोट आणि नाडी तपासतो.

पुढे मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि प्रश्न बराच स्पष्ट झाला. ऑगस्ट 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत सुमारे 1100 अत्यवस्थ कोविड रुग्णांपैकी काहींना हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ करण्याच्या या इंजेक्शनातल्या औषधाची, पूर्ण मात्रा आणि काहींना नेहमीची प्रतिबंधक मात्रा दिली होती. पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी 62.7 टक्के रुग्ण जिवंत घरी गेले, नेहमीच्या मात्रेतले 64.5 टक्के, म्हणजे फायदा काहीच झाला नाही. मोठा रक्तस्राव मात्र पूर्ण मात्रेत 3.8 टक्के आणि नेहमीच्या मात्रेत 2.3 टक्के रुग्णांना झाला. याउलट जे रुग्ण वॉर्डात होते, अजून अत्यवस्थ झालेले नव्हते, त्यांच्यात पूर्ण मात्रेचा थोडा फायदा दिसला: अवयवांना यंत्राचा आधार न लागता जगलेल्यांचे प्रमाण 76.4 वरून 80.2 टक्क्यांवर गेले. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण वेळेत आहे. अस्तर पुरते दुखावून बारीक वाहिन्या बुजल्यावर हेपॅरिनच्या हाती फारसे काही राहत नाही. ते नवी गुठळी रोखते, जुनी विरघळवत नाही. ॲस्पिरिनचीही जवळपास 15 हजार रुग्णालयीन रुग्णांवर चाचणी झाली आणि मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. हे सगळे आकडे कोविडचे आहेत, ते स्वाइन फ्लूला जसेच्या तसे लावणे योग्य नाही. पण गुठळी सिद्ध झालेली नसताना नुसत्या भीतीपोटी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची मात्रा वाढवू नये, एवढा धडा मी सर्वच विषाणूंसाठी घेतला आहे.

म्हणूनच तुमच्या वडिलांना ‘कमी’ डोस आहे. एनोक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) असेल तर प्रतिबंधासाठी साधारणपणे दिवसातून एकदा 40 मिलिग्रॅम देतात. गुठळी झालेली असेल तर उपचारासाठी वजनाच्या दर किलोला 1 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सत्तर किलोच्या माणसात हा फरक साडेतीन पट होतो. मूत्रपिंड मंदावले असेल तर हे औषध अंगात साचते, मग मात्रा कमी करतात किंवा साधे हेपॅरिन वापरतात, ज्याचा असर काही तासांत ओसरतो आणि गरज पडल्यास प्रोटामिन देऊन उतरवताही येतो.

डी-डायमरबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुठळी तयार होऊन विरघळताना उरलेल्या तुकड्यांचे ते मोजमाप आहे. न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, वाढते वय, कर्करोग, गरोदरपण अशा कितीतरी कारणांनी ते वाढते. ते वाढले म्हणजे पायात किंवा फुप्फुसात मोठी गुठळी आहेच असे नाही. दुसरे म्हणजे, सगळ्या प्रयोगशाळा ते एकाच एककात देत नाहीत. एका पद्धतीत जे 500 येते ते दुसऱ्या पद्धतीत सुमारे 250 येते, आणि कुठे मिलिलिटरला नॅनोग्रॅम तर कुठे लिटरला मिलिग्रॅम असते. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवल्यावर डी-डायमर ‘एका रात्रीत दुप्पट’ झाल्याचे सांगत रडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. रक्त तेच होते, फक्त प्रयोगशाळा बदलली होती. 4200 या आकड्याची तुलना करायची असेल तर त्याच प्रयोगशाळेच्या आधीच्या आकड्याशीच करा.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट डी-डायमरची नाही, प्लेटलेट्स घसरण्याच्या तारखेची आहे. विषाणूमुळे प्लेटलेट्स कमी होतात त्या बहुधा पहिल्या काही दिवसांतच. त्या आधी ठीक होत्या आणि हेपॅरिन सुरू केल्यानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान निम्म्याहून खाली आल्या, तर एक वेगळी शक्यता तपासावी लागते. क्वचित काही रुग्णांत हेपॅरिन आणि प्लेटलेट्समधले एक प्रथिन यांच्या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यांनी प्लेटलेट्स कमी होतात, पण रक्तस्राव होण्याऐवजी नव्या गुठळ्या होतात. साध्या हेपॅरिनने हे जास्त होते, एनोक्सापॅरिनने कमी, पण होऊ शकते. असे झाले तर हेपॅरिनचा प्रत्येक प्रकार, अगदी नळी धुण्यासाठी वापरलेलासुद्धा, बंद करून वेगळ्या जातीचे औषध द्यावे लागते. नवव्या दिवशी प्लेटलेट्स कमी होण्याची इतरही बरीच कारणे असतात आणि ती जास्त वेळा आढळतात: नव्याने झालेला जिवाणुसंसर्ग, एखादे प्रतिजैविक, डायलिसिस. तरीही 1 लाख 80 हजारांवरून 84 हजार ही घट निम्म्याहून जास्त आहे आणि दिवसही त्या खिडकीतला आहे. उद्याच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा: “प्लेटलेट्स कोणत्या दिवसापासून घसरायला लागल्या, आणि त्या हेपॅरिनमुळे घसरल्या असतील का, हे तपासले आहे का?” हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, चांगला डॉक्टर त्याचे स्वागतच करेल, आणि बहुधा त्याने तो हिशेब आधीच मांडलेला असेल.

इंजेक्शन स्वतःहून बंद करायला सांगू नका. 84 हजार प्लेटलेट्स आणि कफात रक्ताचे धागे एवढ्यावर प्रतिबंधक मात्रा सहसा थांबवत नाहीत. नळीतून कफ ओढताना श्वासनलिका खरचटूनही असे धागे येतात. मी स्वतः 50 हजारांच्या खाली रोज नव्याने विचार करतो आणि 25 ते 30 हजारांच्या खाली किंवा उघड रक्तस्राव असेल तर थांबवतो. तेव्हा पायांना हवेच्या पिशव्या गुंडाळतात, त्या आलटून पालटून फुगतात आणि पोटऱ्या दाबून रक्त वर ढकलतात. गळ्यात नळी बसवण्यासारखी प्रक्रिया ठरली तर आधीच्या डोसनंतर किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात. त्या दिवशी इंजेक्शन चुकले असे वाटून घाबरू नका.

प्लेटलेट्स चढवण्याबद्दल पुण्यात फार मोठा गैरसमज आहे. आकडा खाली गेला की नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारात धावतात, रात्री दोन वाजता रक्तदात्यांसाठी फोन फिरतात. डेंग्यूच्या रुग्णांवर सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या चाचणीत, 20 हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असूनही रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना प्लेटलेट्स चढवल्या. त्याने रक्तस्राव टळला नाही, उलट अपाय अधिक दिसले. रक्तस्राव होत असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर त्या जरूर द्याव्यात. 84 हजारांवर, उघड रक्तस्राव नसताना, त्यांची गरज नाही, आणि हेपॅरिनच्या प्रतिक्रियेची शंका असेल तर त्या शक्यतो टाळतात. पपईच्या पानांचा रस नाकातल्या नळीतून देण्याचा आग्रह कृपया धरू नका.

तुम्ही घरच्यांनी करण्यासारखे काही खरोखर आहे. वडील आधी कोणत्या गोळ्या घेत होते त्याची यादी, शक्य असेल तर पाकिटांसकट, डॉक्टरांना द्या; हृदयात स्टेंट असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हिशेब बदलतो. वैद्यांकडून आणलेली चूर्णे आणि काढे लपवू नका. घरात कोणाला तरुण वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, हे सांगा. भेटीच्या दहा मिनिटांत चादर बाजूला करून दोन्ही पाय पाहा. आमच्या विभागात एका ज्येष्ठ सिस्टरने पोटऱ्यांवर पेनाने खूण करून रोज टेपने घेर मोजायची पद्धत सुरू केली होती. गुडघ्याच्या खाली एका ठराविक अंतरावर मोजायचे आणि चार्टवर डावा, उजवा असे लिहायचे. एका तरुण रुग्णाच्या डाव्या पोटरीचा घेर एका रात्रीत तीन सेंटिमीटर वाढलेला तिच्या त्या टेपवर आधी कळला, सोनोग्राफी नंतर झाली. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम किंवा निळसर वाटला तर लगेच सिस्टरना दाखवा. त्याचप्रमाणे ऑक्सिजनची गरज कमी होत आलेली असताना अचानक वाढली, नाडी कारणाशिवाय वेगाने चालू लागली, तर डॉक्टर फुप्फुसातल्या गुठळीसाठी सीटी स्कॅन किंवा हृदयाचा इको करण्याचा विचार करतील. तेव्हा रुग्णाला हलवणे धोक्याचे आहे की न हलवणे, हा कठीण निर्णय असतो आणि त्यात त्यांना साथ द्या.

नळी निघाली की फिजिओथेरपिस्ट त्यांना पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतील. वडील कण्हतील, नको म्हणतील, तुम्हालाही त्यांची दया येईल. त्यांना बसू द्या आणि जमेल तितके घोटे वर-खाली हलवायला सांगा. तपासणीत गुठळी सापडली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या निदान तीन महिने चालतील. सापडली नसेल तर घरी गेल्यावर त्या सर्रास लागत नाहीत, पण सुटी देताना डॉक्टरांकडून तसे स्पष्ट लिहून घ्या. घरी गेल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत एकाच पायाला सूज, अचानक दम, छातीत कळ, थुंकीत रक्त किंवा काळी शौच यांपैकी काहीही दिसले तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्या.